हळदीचा लढा शब्दांसाठी पुरेसा नाही

'अर्बन होमस्टेड' हे दोन साधे शब्द. शहरातल्या अंगणात भाजी पिकवावी, कोंबड्या पाळाव्यात, शक्य तितके स्वतःच्या श्रमावर जगावे, असा त्यांचा आशय. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून ते रूढ आहेत. तरीही कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील डर्व्हेस इन्स्टिट्यूटने ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये ते वापरणाऱ्या सुमारे डझनभर संस्थांना पत्रे धाडली. त्यांत एक सार्वजनिक ग्रंथालयही होते! काहींची फेसबुकवरील पानेही नाहीशी झाली. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने लेखक-प्रकाशकांची बाजू उचलून धरली. पण ते शब्द सर्वसामान्य असल्याचा निकाल देऊन न्यायालयाने नोंदणी रद्द करेपर्यंत २०१५ साल उजाडले.

हे वाचताच आपल्याकडील विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हळद आठवते. जखमेवर हळद वापरण्याचे १९९५ मधील अमेरिकी पेटंट सीएसआयआरने जुने दाखले देऊन १९९७ मध्ये रद्द करवले. पुढे पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे राहिले. अभिमान योग्यच, पण येथे तो दिशाभूल करतो. पेटंटचा प्राण नावीन्य असतो. तीच गोष्ट आधी कुणी लिहून ठेवल्याचा एक सबळ दाखला मिळाला, की तो दावा कोसळतो. ट्रेडमार्कला नावीन्य लागतच नाही. शब्द हजार वर्षांचा असला तरी चालतो. प्रश्न एवढाच, की आज तो ऐकून ग्राहकाला वस्तूचा प्रकार कळतो की विशिष्ट विक्रेता आठवतो? म्हणून पोथीतला दाखला येथे अपुरा पडतो. लागतो तो चालू वापराचा पुरावा, आणि तो सतत निर्माण करावा लागतो.

आपला १९९९ चा ट्रेडमार्क कायदा या बाबतीत बराच शहाणा आहे. कलम ९ निव्वळ वर्णनात्मक आणि व्यवहारात रुळलेल्या शब्दांची नोंदणी नाकारते. मात्र दीर्घ वापराने एखाद्या शब्दाला वेगळी ओळख मिळाल्याचे अर्जदाराने सिद्ध केले, तर तेच दार उघडते. मोठ्या जाहिरातखर्चाला ही फट पुरते. कलम १३ अधिक ठाम आहे. मूलद्रव्याचे वा संयुगाचे रूढ नाव रासायनिक पदार्थासाठी कुणालाही नोंदवता येत नाही. ही तरतूद मला फार आवडते. नावच खाजगी झाले, तर त्या पदार्थाविषयी इतरांनी बोलायचे कसे?

'नैसर्गिक शेती', 'शून्य कचरा' यांना असेच संरक्षण मिळावे, असे माझे मत आहे. अडचण खरी आहे. रसायनशास्त्राची नावे ठरवायला आंतरराष्ट्रीय संघ आहे; या शब्दांची सर्वमान्य व्याख्या करणारे कुणी नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने फसव्या हरित दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे आणली, तीही दाव्याचा खरेपणा तपासतात, शब्दाची मालकी नव्हे. व्याख्या लिहिण्याचे काम कृषी विद्यापीठे आणि संशोधन संस्थांचे आहे. तेथेच एखाद्या पद्धतीला आकर्षक नाव देऊन ते नोंदवण्याचा मोह झाला, तर मग बोलायलाच नको.

तोवर एक साधन हाताशी आहे. स्वीकृत अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये दर आठवड्याला प्रसिद्ध होतात, ते महाजालावर विनामूल्य पाहता येतात, आणि प्रसिद्धीपासून चार महिन्यांच्या आत कोणतीही व्यक्ती शुल्क भरून विरोध नोंदवू शकते. विद्यापीठांतील पर्यावरण मंडळांनी हे जर्नल आळीपाळीने वाचायला काय हरकत आहे?