चिंचोके आणि चिमटी

गेल्या पावसाळ्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर महिनाभर ताटांपेक्षा इतर पसाराच जास्त असे. चिंचोके, सागरगोटे, शिंपले, बाटल्यांची झाकणं, भोकं पाडलेले पुठ्ठे आणि त्यांत ओवायच्या नाड्या. आमच्या सुनेनं पस्तिशीत बालवाडी शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं होतं. "बालवाडीत शिकवायला आणखी काय शिकायचं असतं?" असं शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, तेव्हा मी नुसता हसलो. खरं सांगायचं तर तोच प्रश्न माझ्याही मनात होता. त्यांनी तो मोठ्यानं विचारला, एवढंच.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, कुडत्याच्या गुंड्या फक्त डाव्या हातानं लावून बघा." मी बघितल्या. पहिली कशीबशी लागली, दुसरी निसटली, तिसरीला मी चिडलो. त्यात ही शेजारी उभी राहून, "आवरा लवकर, उशीर होतोय," असं मुद्दाम घोकत होती. शेवटी मी हात खाली टाकला. ती हसून म्हणाली, "तीन वर्षांच्या मुलाचा उजवा हात तुमच्या या डाव्या हाताएवढाच शिकलेला असतो. आम्हाला पहिल्याच आठवड्यात हे करायला लावलं."

त्या दिवसापासून मी टेबलावरच्या पसाऱ्याकडे नीट पाहू लागलो. चिंचोके वेचून वाटीत टाकताना अंगठा आणि बोटं यांची चिमटी तयार होते. पुढे तीच पेन्सिल धरते. लहानमोठे, काळे-तांबडे असे ढीग करताना मूल वर्गीकरण शिकतं, आणि त्याशिवाय अंकाला अर्थ येत नाही. पॉलिशपेपरची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली की मूल ती बोटानं गिरवतं. वळण आधी बोटाला कळतं, मग डोळ्याला. हे सगळं पुस्तकात लिहिलेलं आहेच. पण शिक्षिकेनं ते स्वतः कापलं, चिकटवलं, ओवलं नसेल, तर मूल नेमकं कुठे अडलं ते तिला दिसत नाही.

सर्वांत कठीण गृहपाठ निरीक्षणाचा होता. वर्गाच्या कोपऱ्यात पंधरा मिनिटं बसायचं आणि एका मुलानं काय केलं तेवढंच लिहायचं. सुनेनं पहिल्या दिवशी 'मूल हट्टी आहे' असं लिहिलं. वही तांबड्या रेघेसह परत आली. हट्टी हा तिचा निकाल झाला, दिसलं काय? दिसलं हे की, त्यानं तीनदा झाकण लावायचा प्रयत्न केला आणि बाईंनी बरणी काढून घेतल्यावर ते रडलं.

आमच्या बँकेतही खरं शिक्षण असंच होत असे. प्रशिक्षण केंद्रात व्याख्यानं पुष्कळ ऐकली, पण नोटा मोजायला शिकलो ते म्हाताऱ्या हेडकॅशियरांच्या शेजारी बसून, ओल्या स्पंजावर बोट टेकवत. खोटी नोट आधी बोटांना कळते, असं ते म्हणत. व्याख्यान ऐकलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्या दिवशी तिजोरीची किल्ली कोणी देत नाही. मूल मात्र देतात.

ही दृष्टी आपल्याला नवी नाही. वकिली सोडून शिक्षणात आलेल्या गिजुभाई बधेकांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे 1957 मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेलं. माँटेसरीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. म्हणून बिया, पानं, खडे, शिंपले हीच साधनं झाली. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात गेली. मुलांना आंघोळ घालणं, केस विंचरणं हाही तिथे शिक्षिकेच्या कामाचाच भाग होता. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी झाला आहे, पण त्याचं मूळ अशा अंगणांत आहे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ या वयाला शिक्षणाचा पाया मानलं, हे उत्तमच झालं. अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा किंवा एक वर्षाचा अभ्यासक्रमही त्यात सांगितला आहे. तो दूरचित्रवाणी आणि मोबाइलवरून घेता येईल आणि महिन्यातून किमान एकदा प्रत्यक्ष वर्ग भरेल, अशी योजना आहे. काम सांभाळून शिकणाऱ्या बाईची सोय यात आहे, हे मान्य. पण माझी भीती त्या 'किमान' शब्दाची आहे. सरकारी कागदावरचं किमान हे व्यवहारात कमाल होतं, हे मी नोकरीत अनेकदा पाहिलं आहे. गुंडी लावण्याची फिल्म पाहून गुंडी लागत नाही.

आणि मोलाचं काय? अंगणवाडीची योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. तिथल्या सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ठरायला 2022 साल उजाडावं लागलं, तेही सर्वोच्च न्यायालयात. त्यांना मिळतं त्याला आपण पगार म्हणत नाही, मानधन म्हणतो. यातलं धन थोडं असतं, आणि मान किती असतो ते त्यांनाच विचारावं.

दुसऱ्यांना बोल लावण्याआधी माझा हिशेब सांगतो. 1994 च्या सुमाराला मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. एक बाई बालवाडीसाठी लहानसं कर्ज मागायला आल्या. सतरंज्या, फळा, लाकडी ठोकळे यांची यादी त्यांनी सुवाच्य अक्षरात आणली होती. "यात यंत्र कुठलं? उत्पन्न कुठलं?" असं मी विचारलं आणि अर्ज परत केला. त्याच आठवड्यात पिठाच्या गिरणीचं कर्ज मात्र मंजूर केलं. गिरणी चालली असेल. त्या बाईंचं पुढे काय झालं, याची मी कधी चौकशी केली नाही.

वाचकहो, नातवंडाला बालवाडीत घालताना आपण फी विचारतो, गाडी विचारतो, इंग्रजी बोलतात का तेही विचारतो. एक प्रश्न आणखी विचारा: इथल्या बाई कशा शिकल्या? आणि संध्याकाळी घरी कोणी पाहत नसताना कुडत्याच्या गुंड्या एकदा डाव्या हातानं लावून बघा.