लंडनचे भाडे आणि शिष्यवृत्तीचा हिशेब

परदेशी शिक्षणाची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे विद्यार्थ्याची आर्थिक विवंचना संपली, असा आपल्याकडे समज आहे. मेहकरसारख्या तालुक्याच्या गावी अशा मुलाचा सत्कार होतो. लंडनमध्ये तो राहणार कसा, हे सहसा कोणी विचारीत नाही.

अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या 2021-22 च्या नियमांत ब्रिटनमधील निर्वाहभत्ता वर्षाला 9,900 पौंड होता. शिक्षणशुल्क व आकस्मिक खर्च वेगळा. महिन्याला हे 825 पौंड पडतात. त्याच काळी ब्रिटिश सरकार विद्यार्थ्याला व्हिसा देताना लंडनमधील निर्वाहासाठी दरमहा 1,334 पौंड आवश्यक धरीत होते. ऑक्टोबर 2022 मध्ये तेथील महागाईचा दर 11.1 टक्क्यांवर गेला आणि 2 जानेवारी 2025 पासून हा आकडा 1,483 झाला. लंडनबाहेर तो 1,136 होता. यजमान सरकार शहराशहरांत भेद करते. आपल्या भत्त्याला मात्र सारे ब्रिटन सारखेच.

1,483 पौंड म्हणजे त्या वेळच्या सुमारे 105 रुपये दराने दीड लाखाहून अधिक रुपये. 2024-25 च्या 4,892 रुपये हमीभावाने ही सुमारे 32 क्विंटल सोयाबीनची किंमत होते. कोरडवाहू एकरात पाच-सहा क्विंटल उतरले, तर लंडनचा एक महिना म्हणजे आपल्याकडील पाच-सहा एकरांचे पीक, तेही मशागतीचा खर्च वजा न करता! विनिमयाचा दर जहाजातून जाणाऱ्या मालाच्या किमती थोड्याफार जवळ आणतो; पण घरभाडे, बसभाडे आणि न्हाव्याची मजुरी जहाजात चढत नाही. महाग शहराची महागाई मुख्यतः या न हलणाऱ्या गोष्टींत, आणि त्यातही भाड्यात असते.

हा प्रश्न नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1920 मध्ये अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले, ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातील शिल्लक, नवल भथेना यांच्याकडील कर्ज आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर. त्या वर्षाच्या प्रारंभी रुपया दोन शिलिंगांच्या वर होता. 1921 मध्ये तो सोळा पेन्सांच्याही खाली आला. दोन शिलिंगांच्या दराने हजार रुपयांचे 100 पौंड होत. सोळा पेन्सांच्या दराने 67 देखील भरत नाहीत. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध 1923 मध्ये प्रसिद्ध झाला. विनिमयदर ही त्यांच्या दृष्टीने केवळ ग्रंथातील गोष्ट नसणार! किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात ते भाड्याने राहिले, ते महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये तीस लाखांहून अधिक पौंडांना घेतले. स्मारक झाले हे उचितच. पण त्या घरातील भाडेकरूची ओढाताण भत्ता ठरविणाऱ्यांच्या ध्यानी येत नाही, हे विचित्र आहे.

सत्राच्या काळात आठवड्याला वीस तास काम करून तूट भरावी, असे कोणी सुचवील. तथापि ते तास ग्रंथालयातून वजा होतात. ज्याच्या घरी पैसा आहे त्याची तूट घर भरते. शेतमजुराच्या मुलाने ती कोठून भरावी? भत्ता शहरानुसार ठरवून यजमान सरकारच्या आकड्याबरोबर दरवर्षी वाढविणे अवघड नाही. तो आकडा ब्रिटिश सरकार स्वतःच जाहीर करते; आपल्याला त्यासाठी समिती नेमण्याचेही कारण नाही.