डोण, काठवट आणि इंग्रजी आडवाट

'डॉन किहोते'च्या पहिल्या भागात (१६०५) अकराव्या प्रकरणात शेळ्या राखणारे धनगर आपल्या सरदारसाहेबांना मानाने बसवतात. आसन कोणते, तर पालथा घातलेला 'दोर्नाखो'. लाकडाचे हे लहान गोल पात्र डुकरांना खाऊ घालण्याचे, प्रसंगी भांडी धुण्याचे. प्रसंगातला सारा विनोद या पात्रात आहे. जॉन ऑर्म्सबीने १८८५च्या इंग्रजी भाषांतरात 'ट्रफ' म्हटले, आणि ते चालून जाते. त्या शब्दाला गोठ्याचा वास आहे. पण मराठी भाषांतरकार इंग्रजीवरून निघाला आणि कोशात पाहून 'हौद' किंवा 'कुंड' लिहून मोकळा झाला, तर पालथ्या हौदावर सरदार बसणार कसा? आमच्या मते येथे 'डोण'च हवी. ती दगडाची असते तशी लाकडाचीही असते आणि जनावरे तिच्यात तोंड घालतात.

उलट दिशेचा प्रवास अधिक केविलवाणा. चौक, कर्जत, खालापूर हा भाताचा मुलूख, भाकरी तांदळाची. ते पीठ मळण्याची जुनी काठवट (कोणी काथवट म्हणतात) आता परातीने मागे सारली आहे. अशा घरातली कथा इंग्रजीत जाते तेव्हा काठवटीचा 'बोल' होतो आणि तेथून स्पॅनिशमध्ये 'तासोन' होतो, म्हणजे दूध-कॉफीचा मोठा पेला. त्यात भाकरीचे पीठ मळून दाखवावे! वास्तविक स्पॅनिशमध्ये पीठ मळण्याच्या लाकडी पात्राला 'आर्तेसा' हा शब्द आहे, इतका रुळलेला की हिमनदीने कोरलेल्या दरीलाही तेथील भूगोलकार 'आर्तेसा-दरी' म्हणतात. आर्तेसा चौकोनी, काठवट गोल, हे खरे. तरी आम्ही आर्तेसाच निवडू. भांड्याचे नाव त्याच्या घाटावरून शोधण्यापेक्षा त्याच्या कामावरून शोधावे. वाचकाला पीठ मळणारे हात दिसले म्हणजे कडा गोल की चौकोनी याची तो फारशी चौकशी करत नाही. (रैदासांच्या नावावर चालणारी कठौतीतल्या गंगेची म्हण मात्र या न्यायाने सुटत नाही. चर्मकाराच्या कठौतीत पीठ नसते, कातडे भिजवायचे पाणी असते, आणि तेथे आर्तेसा साफ चुकीची ठरेल.)

इंग्रजीला दोष देऊन आपण सुटतो असेही नाही. 'द्रोण' म्हटले की आमच्या विद्यार्थ्यांपुढे पळसाच्या पानांचा द्रोण उभा राहतो, आणि द्रोणाचार्यांचा जन्म द्रोणात झाला हे वाचून वर्गात हसू फुटते. संस्कृतातला द्रोण हा मुळात लाकडी पात्र. सोमयागातला द्रोणकलशही लाकडाचाच. महाभारताच्या मराठी आवृत्त्यांत या शब्दाला तळटीप क्वचितच दिसते, कारण शब्द आपलाच आहे असे संपादक धरून चालतात.