वैद्यकीय प्रशिक्षण : हजेरी कुणाची, उपचार कुणावर?

पदवी मिळाल्यानंतरही डॉक्टरांनी शिकत राहिले पाहिजे, याबद्दल कुणाचे दुमत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत दर पाच वर्षांत किमान ३० तासांचे निरंतर वैद्यकीय शिक्षण घ्यावे, असे लिहिलेलेही आहे. भागाकार केला तर वर्षाला सहा तास येतात. म्हणजे एक रविवार, आणि तोही उद्घाटन, सत्कार व भोजन धरून. परंतु माझा मुख्य आक्षेप तासांच्या संख्येवर नाही. हे शिक्षण फक्त तासांत मोजायचे, या प्रशासकीय सवयीवर तो आहे. मेंदू व मज्जासंस्थेच्या विकारांत या सवयीची किंमत फार मोठी आहे. रुग्णाचे पुढे काय होणार हे बऱ्याचदा पहिल्या काही तासांत ठरते आणि त्या वेळी समोर असलेला डॉक्टर बहुधा मेंदूविकारतज्ज्ञ नसतो.

बिहारमधील मुजफ्फरपूरचे उदाहरण घ्या. तेथे अनेक वर्षे मे-जून महिन्यांत लहान मुलांना पहाटे एकाएकी झटके येत, ती बेशुद्ध होत आणि कित्येक दगावत. लोक या आजाराला 'चमकी बुखार' म्हणत आणि सरकारी कागदांत त्याची नोंद तीव्र मेंदूज्वर लक्षणसमूह अशी होई. विषाणूचा शोध बराच काळ चालला. डॉ. टी. जेकब जॉन आणि डॉ. अरुण शाह यांनी मात्र हा संसर्ग नसून रक्तातील साखर एकदम घसरल्याने होणारा मेंदूविकार असावा, असे मांडले. २०१४ च्या उन्हाळ्यात तेथे मोठा अभ्यास झाला व तो २०१७ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील ३९० रुग्णांपैकी १२२ दगावले होते. ज्या ३२७ जणांची साखर तपासली गेली, त्यांतील २०४ जणांची ती ७० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी होती. लिचीमध्ये असलेली काही द्रव्ये शरीराची साखर तयार करण्याची क्रिया रोखतात. रात्री न जेवता झोपलेल्या कुपोषित मुलाच्या यकृतात साखरेचा साठा उरलेला नसतो. पहाटे हे दोन्ही एकत्र आले की मेंदूची उपासमार होते.

या शोधातून निघालेला उपचार किती साधा आहे, हे मुद्दाम सांगतो. बोटाला सुई टोचून साखर तपासायची. ती कमी असेल, किंवा तपासणीची सोयच नसेल, तर शिरेतून ग्लुकोजचे द्रावण द्यायचे आणि ते सुरू केल्यावरच मुलाला पुढे पाठवायचे. घरोघरी सांगायचे की मुलाला रात्री उपाशी झोपवू नका. यासाठी एमआरआय लागत नाही, मेंदूविकारतज्ज्ञही लागत नाही. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्रपाळीला असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि परिचारिकेला हे ठाऊक असावे लागते, आणि त्यांच्या कपाटात ग्लुकोमीटरच्या पट्ट्या असाव्या लागतात.

असे असूनही २०१९ च्या जूनमध्ये बिहारात दीडशेहून अधिक मुले मृत्युमुखी पडली. बहुतेक मृत्यूंत साखर घसरल्याचे आरोग्य खात्यानेच तेव्हा सांगितले. दोष केवळ प्रशिक्षणाच्या अभावाचा होता, असे मी म्हणत नाही. कुपोषण होते, भयंकर उष्मा होता, खाटा अपुऱ्या होत्या. पण प्रसिद्ध झालेले ज्ञान दोन वर्षांत पन्नास-साठ किलोमीटरवरच्या आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचवणे हे संशोधकाचे काम नाही. ते आम्हा प्रशासकांचे काम आहे. निरंतर शिक्षण या शब्दाला काही अर्थ असेल तर तो हाच.

प्रत्यक्षात काय होते, ते मी नोकरीच्या काळात पाहिले आहे. प्रशिक्षणाचा निधी बहुधा आर्थिक वर्षाच्या अखेरीस मोकळा होतो आणि मार्चमध्ये घाईने खर्ची पडतो. संचिकेत तीन कागद येतात : कार्यक्रमपत्रिका, हजेरीपट आणि उपयोगिता प्रमाणपत्र. किती जण आले, किती रुपये खर्च झाले, हे अचूक असते. प्रशिक्षणानंतर त्या आरोग्य केंद्रात काय बदलले, या प्रश्नाचा रकाना मात्र मला एकाही नमुन्यात आढळला नाही. प्रशिक्षित अधिकाऱ्याची दोन महिन्यांत बदली झाली तरी कागदोपत्री ते केंद्र 'प्रशिक्षित'च राहते.

मुजफ्फरपूर हे ठळक उदाहरण झाले. अपस्माराचे, म्हणजे फेफऱ्याचे, नुकसान असे एकदम दिसत नाही. ते वर्षानुवर्षे झिरपत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य औषधाने सुमारे ७० टक्के रुग्णांचे झटके थांबू शकतात, आणि त्यातील काही औषधे अतिशय स्वस्त आहेत. तरी आपल्या खेड्यांत औषध अपुऱ्या मात्रेत दिले जाते, झटके थांबत नाहीत म्हणून दुसरे व तिसरे जोडले जाते, आणि रुग्ण कंटाळून सारेच एकदम बंद करतो. व्हॅल्प्रोएटमुळे गर्भात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकते, हे सिद्ध झाले आहे. तरीही वयात आलेल्या मुलीला ते लिहून देताना किती ठिकाणी हे समजावून सांगितले जाते? उलट साधी भोवळ येऊन पडलेल्या मुलीला फेफरे असल्याचे सांगितले जाते. हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने वगळला गेला, परंतु समाजाच्या मनातून तो गेलेला नाही. अशा समाजात एका चुकीच्या निदानाने मुलीचे आयुष्य बदलते. पडताना प्रत्यक्ष पाहणाऱ्या माणसाची दहा मिनिटे नीट चौकशी केली तर यातील बऱ्याच चुका टळतात. हे कौशल्य शिकवता येते, पण व्याख्यान ऐकवून नव्हे.

मग आजची व्याख्याने कुणासाठी असतात? मोठ्या शहरांत, चांगल्या हॉटेलांत, बहुधा ज्यांना विषय आधीच येतो त्यांच्यासाठी. याचे कारण खर्च कोण करतो यात दडले आहे. औषध कंपन्यांकडून भेटी, प्रवास व पाहुणचार घेण्यास डॉक्टरांना डिसेंबर २००९ च्या दुरुस्तीने मनाई झाली. अशा भेटींवरचा खर्च कंपन्यांना करातून वजा करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. मार्च २०२४ च्या औषध विपणन संहितेने कंपन्यांना परदेशी असे कार्यक्रम घेण्यास बंदी केली. हे सर्व योग्यच झाले. परंतु कंपनीने खर्च करू नये असे म्हणणाऱ्या शासनाने, मग तो कोण करणार, याचे उत्तरही द्यायला हवे होते. खासगी कंपनी जुन्या, स्वस्त फेनोबार्बिटोनवर कार्यशाळा कशाला घेईल? ज्या ज्ञानातून कुणाला नफा नाही, त्याचा प्रसार करणे हे तर शासनाचेच कर्तव्य ठरते.

महाराष्ट्र वैद्यक परिषदेने पाच वर्षांत ३० गुणांकांची अट नोंदणीच्या नूतनीकरणाशी जोडली, हे पाऊल पुढचे खरे. पण गुणांक उपस्थितीचाच मिळतो. राष्ट्रीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे आचारनियम अधिसूचित केले आणि २३ ऑगस्टला ते स्थगितही केले. तीन आठवड्यांत जे नियम आले आणि गेले, त्यांच्या भरवशावर जिल्हा प्रशासनाने बसून राहावे काय?

यावर दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले, डॉक्टरांनाच शिकायची इच्छा नसते. मला हे पटत नाही. रात्री दोन वाजता झटके थांबत नसलेले मूल समोर असताना एकटा उभा असलेला तरुण डॉक्टर शिकायला नाखूष नसतो. त्याला विचारायला कुणी नसते. दुसरे, एवढे तज्ज्ञ आणायचे कोठून? डॉ. संजीव अरोरा यांनी अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत २००३ मध्ये सुरू केलेल्या 'इको' पद्धतीत दूरचे डॉक्टर ठरावीक दिवशी आपापले रुग्ण तज्ज्ञांपुढे पडद्यावर मांडतात आणि त्या चर्चेतूनच शिकतात. बंगळूरच्या निम्हान्सने ही पद्धत भारतात वापरली आहे. कर्नाटकात २०२२ पासून त्याच संस्थेच्या साहाय्याने प्राथमिक स्तरावरील डॉक्टरांना मेंदूविकारांचे प्रशिक्षण देण्याचा उपक्रम सुरू झाला. म्हणजे मार्ग अज्ञात नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रशिक्षण रोगाच्या हंगामापूर्वी व्हावे, आर्थिक वर्षाच्या सोयीने नव्हे. ते व्यक्तीला नव्हे तर केंद्राला द्यावे. डॉक्टरबरोबर परिचारिका आणि औषधनिर्माताही बसावेत, म्हणजे बदलीनंतर ज्ञान मागे राहील. जे शिकवले त्याचे साहित्य त्याच आठवड्यात पोहोचावे. आणि उपयोगिता प्रमाणपत्रात दोन रकाने वाढवावेत : झटके येत असलेल्या किती मुलांची साखर पुढे पाठवण्यापूर्वी तपासली, आणि अपस्माराचे किती रुग्ण वर्षानंतरही औषधावर टिकून आहेत. यासाठी नवा कायदा नको, आयोगाची परवानगी नको. आरोग्य खात्याच्या सचिवाचे एका पानाचे परिपत्रक पुरते.

मे महिना दरवर्षी येतो. त्याआधी ते पान निघावे.