जमा केलेल्या बंदुकांचा हिशेब द्या!

अट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांतला नियम ३ किती कार्यकर्त्यांनी वाचला आहे? अत्याचारप्रवण क्षेत्रात गरज पडल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करा, बंदुका सरकारी शस्त्रागारात जमा करा, आणि आवश्यक तर दलित-आदिवासींना परवाने द्या, असे तो सांगतो.

दोनच वर्षांनी, १ डिसेंबर १९९७ ला, बिहारमधील लक्ष्मणपूर बाथेत रणवीर सेनेने ५८ जणांचे हत्याकांड केले. मेलेले बहुतांश दलित होते. नियम कागदावर राहिला, बंदुका त्यांच्या हातात.

निवडणूक आली की परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा होतात, पावती मिळते. म्हणजे नोंद ठेवता येते! मग नियम ३ खालचा हिशेब आपल्याला का मागावा लागतो? ग्रामीण भागात परवाना देणारा जिल्हाधिकारीच दक्षता समितीचा अध्यक्ष असतो. दोन्ही फायली एकाच टेबलावर, जुळवायच्या कोणी?

मित्रांनो, ही समिती तीन महिन्यांतून एकदा तरी बसलीच पाहिजे. पुढच्या बैठकीआधी माहिती अधिकारात विचारा: किती परवाने रद्द केले? किती बंदुका जमा? किती परत दिल्या, कोणाच्या सहीने? ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर आले, तर तीच सरकारची कबुली समजा.

जय भीम!