तंजावर ते रामेश्वर : पाय तयार, पण मुक्काम कुठे?

पायी यात्रेला निघायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती चपलांची, दुसरी गुडघ्यांची. मुक्कामाचा विषय बहुतेक वेळा शेवटी निघतो. ‘देवाच्या वाटेवर कुठेतरी सोय होईलच’ असं कुणीतरी म्हणतं आणि विषय तिथेच संपतो. पंढरीच्या वाटेवर हे बोलणं चालून जातं, कारण तिथे दिंडीचा सामानाचा ट्रक पुढे जातो, तंबू ठोकले जातात, चुली पेटतात. परक्या प्रांतात मात्र रात्रीचं छप्पर आधी ठरवूनच पहिलं पाऊल टाकावं लागतं.

तंजावर ते रामेश्वर ही वाट मराठी माणसाला पूर्ण परकी नाही. काशीला जायचं, गंगाजल आणायचं आणि ते रामेश्वराच्या पिंडीवर घालायचं, सेतूची वाळू प्रयागला न्यायची, असा हा जुना व्रताचा मार्ग. त्यातला दक्षिणेकडचा शेवटचा मोठा टप्पा तंजावरच्या भोसले राजांच्या मुलुखातून जात असे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात स्थापलेलं हे राज्य १८५५ पर्यंत टिकलं. या राजांनी रामेश्वराच्या वाटेवर जागोजाग ‘छत्रं’ बांधली. तमिळमध्ये त्यांना ‘चत्तिरम’ म्हणतात. आपल्या ‘अन्नछत्रा’तलंच हे छत्र. तिथे यात्रेकरूला नुसतं ताटच नव्हे, तर अंथरूण, औषध आणि आधारही मिळत असे.

या छत्रांचा कारभार कसा चाले, हे दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला लिहिलेल्या पत्रावरून कळतं. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला होता. छत्रांना लावून दिलेल्या गावांचं उत्पन्न आता कुणाकडे जाणार, हा प्रश्न होता. राजांनी ही धर्मादाय व्यवस्था मोडू नये म्हणून कळकळीने लिहिलं. सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न मिळतं, पावसाने अडकलेल्यांना पाऊस ओसरेपर्यंत ठेवून घेतात, आजाऱ्याला वैद्य पाहतो, बाळंतिणीची व्यवस्था होते, वाटेत कुणी दगावलं तर त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार होतात, असं त्यात नोंदलेलं आहे. मध्यरात्री घंटा वाजवून उपाशी राहिलेल्यांना बोलावून जेवू घालत, हाही तपशील त्यात आहे. उशिरा पोचलेल्या वाटसरूचा विचार करणारी ही घंटा आज मुक्काम शोधताना सर्वांत जास्त आठवते.

तंजावरहून दक्षिणेला साधारण २४ किलोमीटरवर ओरत्तनाडू आहे. तिथलं मुक्तांबाळ छत्र सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलं. राजांची प्रिय सहचरी मुक्ताम्मा हिची ही अखेरची इच्छा होती, असं सांगितलं जातं. मोठाले चौक, कोरीव खांब, रथासारखी घडवलेली बाजू, असा त्याचा थाट आहे. १८५५ नंतर राज्य खालसा झालं आणि छत्रं सरकारी व्यवस्थेकडे गेली. कुठे शाळा भरली, कुठे विद्यार्थ्यांचं वसतिगृह झालं, कुठे भिंतीत पिंपळ उगवला. पट्टुक्कोट्टैच्या पुढे समुद्राजवळ सेतुभावाछत्रम् नावाचं गाव आहे. तिथे छत्राची आठवण गावाच्या नावातच मुक्काम करून आहे. तेव्हा नकाशावर ‘छत्रम्’ वाचून ‘चला, इथे झोपू’ असा बेत करू नये. वास्तू पाहायला जावं, मुक्काम मात्र दुसरीकडे ठरवावा.

तंजावर, ओरत्तनाडू, पट्टुक्कोट्टै, मल्लिपट्टिनम्, सेतुभावाछत्रम्, मणमेलकुडी, तोंडी, देवीपट्टिनम्, रामनाथपुरम्, मंडपम्, पांबन, रामेश्वर अशी ही किनाऱ्याची वाट आहे. अंतर सुमारे २४० किलोमीटर. रोज १८ ते २० किलोमीटर चालणाऱ्याला १२-१३ दिवस लागतात, विश्रांतीचा एखादा दिवस धरला तर दोन आठवडे. मल्लिपट्टिनमजवळ सरफोजीराजांनी उभारलेला मनोरा आहे. नेपोलियनच्या पराभवाच्या स्मरणार्थ बांधलेला हा षट्कोनी बुरूज पाहून मराठी माणूस क्षणभर थबकतोच. देवीपट्टिनमला समुद्रात उभे असलेले नवग्रहांचे नऊ पाषाण आहेत. रामेश्वराला जाणारे तिथे थांबून पूजा करतात.

आता ‘हिवाळा’ या शब्दाबद्दल. महाराष्ट्रात दिवाळीनंतर आकाश निरभ्र होतं, म्हणून सगळे डिसेंबरचा बेत आखतात. तंजावरला मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर हाच खरा पावसाळा. ईशान्य मोसमी वारे तेव्हा बंगालच्या उपसागरावरून पाऊस घेऊन येतात. १६ नोव्हेंबर २०१८ च्या ‘गज’ वादळाने याच ओरत्तनाडू-पट्टुक्कोट्टै पट्ट्यातल्या नारळीच्या बागा झोपवल्या. डिसेंबर १९६४ मध्ये तर धनुष्कोडी उद्ध्वस्त झालं आणि प्रवाशांसह रेल्वेगाडी समुद्राने गिळली. म्हणून किनाऱ्याच्या वाटेवर चालायचं तर जानेवारीचा उत्तरार्ध ते महाशिवरात्र हा काळ बरा. हवा कोरडी, पहाटे गारवा आणि शेतात कापणी झालेली.

पण मुक्कामाचं गणित याच्या नेमकं उलट जातं. तमिळ पंचांगातला मार्गळी महिना मध्य डिसेंबर ते मध्य जानेवारी. या महिन्यात लग्नं होत नाहीत, त्यामुळे गावोगावची कल्याण मंडपं रिकामी असतात. २०-२५ माणसांच्या जथ्याला मंडपासारखी सोय नाही. मोठी जागा, विहीर किंवा बोअरचं पाणी, संडास-मोऱ्या आणि स्वयंपाकाची भांडीही मिळतात. परंतु तेव्हा पावसाची धास्ती. पोंगल झाला की ‘तै’ महिना लागतो, आकाश मोकळं होतं आणि लग्नांची झुंबड उडते. मंडप महिनोन् महिने आधी ठरलेले असतात. यावर तोडगा एकच. निघायची तारीख ठरवताना लग्नाचे मुहूर्त पाहावेत आणि मुहूर्त नसलेल्या दिवशी मंडप मिळेल असे टप्पे जुळवावेत. तिथला कोणताही मंडपवाला तमिळ दिनदर्शिका पाहून पाच मिनिटांत हे सांगतो.

गर्दीचे दिवसही टाळायला हवेत. मध्य नोव्हेंबर ते मध्य जानेवारी अय्यप्पाच्या काळ्या वस्त्रांतले भक्त शबरीमलैबरोबर रामेश्वरही करतात. पोंगलच्या तीन-चार दिवसांत बस भरलेल्या आणि दुकानं बंद. तै अमावास्येला रामेश्वरात पितरांच्या तर्पणासाठी इतकी माणसं लोटतात की ओसरीही मिळत नाही. शेवटचा मुक्काम त्या दिवशी येणार नाही, एवढं आधीच पाहून घ्यावं.

मग सोय करायची कशी? वारकऱ्यांचीच रीत इथे उपयोगी पडते : माणूस पुढे पाठवावा. जथ्यातल्या दोघांनी महिनाभर आधी बसने ही वाट करावी. प्रत्येक मुक्कामी मंडपाचा मालक, देवळाचं कार्यालय आणि शाळेचे मुख्याध्यापक यांना प्रत्यक्ष भेटावं. भाषेची अडचण वाटत असेल तर तंजावरला थांबावं. तिथे आजही आपली जुनी दक्षिणी मराठी घरात बोलणारी कुटुंबं आहेत. तमिळमध्ये एक विनंतीपत्र लिहून घेतलं, त्यावर किती माणसं, कोणती तारीख, किती वाजता येणार आणि किती वाजता जाणार एवढं स्पष्ट घातलं, की निम्मं काम होतं. पत्राची एक प्रत पोलीस ठाण्यात द्यावी. अनोळखी भाषेतली २५ माणसं रात्री गावात उतरली की गावालाही काळजी वाटते, हे लक्षात ठेवावं.

पट्टुक्कोट्टै आणि रामनाथपुरम् इथे साधे लॉज सहज मिळतात. मधल्या किनारी गावांत तशी सोय विरळ. म्हणून जथ्याबरोबर एक टेंपो असावा आणि खोली मिळाली नाही तर मागच्या मोठ्या गावी नेऊन सकाळी पुन्हा त्याच ठिकाणी सोडायची तयारी ठेवावी. यात व्रत मोडत नाही. चालणं पहाटे चारला सुरू करून साडेनऊच्या आत संपवावं. किनाऱ्याच्या हमरस्त्यावर वाहनं भरधाव असतात, तेव्हा अंधारात चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट हवंच. देवळं दुपारी बंद होतात आणि चारच्या सुमारास उघडतात. ‘देवळात टेकू’ असा दुपारचा बेत म्हणून फसतो. पांबनचा रस्त्याचा पूल १९८८ पासून आहे. त्यावर वारा जोरात असतो, वयस्कर मंडळींनी तो सकाळीच आणि एकमेकांच्या सोबतीनं ओलांडावा.

नाथांची गोष्ट मराठी घरात सर्वांना ठाऊक आहे. रामेश्वरासाठी आणलेलं गंगाजल त्यांनी वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं आणि यात्रा पोचली असं मानलं. तंजावरच्या राजांनी छत्रं बांधली ती याच समजुतीने, की देव शेवटच्या मुक्कामाला भेटतो तसा मधल्या मुक्कामालाही भेटतो. आज त्या छत्रांच्या घंटा वाजत नाहीत. तेव्हा जथ्यानेच एक नियम करावा : सर्वांत हळू चालणारा माणूस पोचेपर्यंत कुणी ताटावर बसायचं नाही आणि मंडपाचं दार लावायचं नाही.