दाणा शिंपडू नका

तंजावरला पोस्टिंग आहे. बृहदीश्वराच्या भिंतीवरचा १८०३चा मराठी शिलालेख मोबाइलवर टिपला, जुना दिसावा म्हणून ॲपमधून ग्रेन चढवला आणि आबांना पाठवला. उत्तर आलं, ‘अक्षरं लागत नाहीत रे.’

बरोबरच आहे. फिल्मवर दाणा वरून पडत नाही. चांदीच्या कणांचंच चित्र बनतं. म्हणून तो करड्या छटांत उठून दिसतो, गडद काळ्यात विरतो. ॲपने अक्षरांच्या काळ्या खाचांतही तितकाच शिंपडला. ग्रेन घालायचाच तर छटा बघून घालावा.

१८५८ साली याच मंदिराचे फोटो काढणारा कॅप्टन लिनियस ट्राइप आमच्याच पेशातला (कंपनी सरकारच्या फौजेतला असला तरी). त्याच्या निगेटिव्ह कागदाच्या, पोत आपसूक यायचा. माझी अडचण मीच ओढवून घेतली. आबांना मूळ फोटो पाठवलाय.